औषध आहे, पण मागायचं कसं?

आमच्या पिढीला कुठल्याही गोष्टीबद्दल पहिला प्रश्न एकच पडतो : यातलं सगळ्यात भारी कोणतं? फोन घ्यायचा असो, बाइक असो की टर्म इन्शुरन्स, आपण चार टॅब उघडतो, कोष्टक बघतो, टक्के बघतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर बोट ठेवतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांवर जी प्रतिबंधक औषधं आज निघाली आहेत, त्यांच्याबद्दलही असंच चालतं. गोळी ९९ टक्के, इंजेक्शन जवळपास १००, लस इतके टक्के, कंडोम तितके. वाचणारा मान डोलावतो आणि टॅब बंद करतो.

मला या कोष्टकांशी भांडायचं आहे. आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांत एक रकाना गायब आहे, आणि इस्लामपूरसारख्या गावात तोच रकाना सगळं ठरवतो. हे औषध मागताना माणसाला किती लाज गिळावी लागते, याचा तो रकाना.

मी इस्लामपूरचा. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी काय घ्यावं हे मी सांगणार नाही. पण माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते : ऑफिसातल्या मशीनवर पळणारं अ‍ॅप आणि पेठ नाक्यावर एसटीत लोंबकळत, रेंज जात-येत असताना उघडलेलं अ‍ॅप, या दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिल्या ठिकाणी ते चाललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. औषधांचंही नेमकं तेच होतं, आणि त्याचा पुरावा आहे.

आधी काय काय आहे ते बघू

सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त : कंडोम. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया, नको असलेली गर्भधारणा, या सगळ्यांवर एकाच वेळी काम करणारी दुसरी वस्तू अजून निघालेली नाही. हर्पीस, एचपीव्ही, सिफिलिस असे कातडीच्या स्पर्शातून पसरणारे आजार मात्र तो पूर्णपणे थांबवत नाही. आणि तो वापरायचा की नाही, हे बऱ्याचदा एकाच बाजूच्या हातात असतं.

दुसरी : प्रेपची गोळी. एचआयव्ही झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे, अशा माणसानं आधीपासून घ्यायची. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली. नियमित घेतली तर लैंगिक संबंधांतून होणारी एचआयव्हीची लागण ती सुमारे ९९ टक्के रोखते. सुरू करण्याआधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते, नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तिसरं : पेप. म्हणजे घडून गेल्यावर घ्यायचं औषध. कंडोम फाटला, बळजबरी झाली, दवाखान्यात काम करताना सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. जितकं लवकर तितकं बरं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही.

चौथी : इंजेक्शनं. कॅबोटेग्रॅव्हिर दोन महिन्यांतून एकदा. अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरात मान्यता. त्यानंतर आलेलं लेनाकॅपाव्हिर सहा महिन्यांतून एकदा. मान्यता जून २०२५. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात झालेल्या चाचणीत हे दुसरं इंजेक्शन २,१३४ तरुण मुलींना आणि स्त्रियांना दिलं गेलं. त्यांच्यापैकी एचआयव्हीची लागण किती जणींना झाली? शून्य.

पाचवी : डॉक्सी-पेप. डॉक्सिसायक्लिन हे जुनंच प्रतिजैविक संबंधांनंतर ७२ तासांत घ्यायचं. सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमधल्या चाचणीत सिफिलिस, क्लॅमिडिया आणि परमा मिळून दोन तृतीयांश कमी झाले. ही चाचणी समलैंगिक पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांमध्ये झाली होती. एचआयव्हीवर याचा काहीही परिणाम नाही. आणि प्रतिजैविकं मनाला येईल तशी खाण्यात पटाईत असलेल्या आपल्या देशात हे डॉक्टरांना न विचारता करायचं काम नव्हे.

सहाव्या : लशी. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागचा विषाणू. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे वर्षाला सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू होतात. हा विषाणू पुरुषांनाही होतो, त्यांच्याकडून पसरतो आणि घशाचे, गुदद्वाराचे कर्करोग त्यांनाही होतात. तरी 'मुलींची लस' हे लेबल काही सुटत नाही.

सातवं कोष्टकात सहसा नसतंच, कारण ते दुसऱ्याच्या पोटात जातं. ज्याला एचआयव्ही आहे त्याचे स्वतःचे उपचार. औषधं नियमित चालू असतील आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नसेल, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. हे अंदाजानं म्हणत नाही. युरोपातल्या एका अभ्यासात ७८२ समलैंगिक जोडप्यांनी ७६ हजारांहून जास्त वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले. उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली लागण : शून्य. भारतात ही औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. म्हणजे आपण ज्या माणसापासून चार हात लांब पळतो, तो वेळेवर गोळ्या घेत असेल, तर त्याच्यापासून आपल्याला धोका नाही. धोका आहे तो ज्यानं कधी तपासणीच केलेली नाही त्याच्यापासून, आणि तो कदाचित आपल्यातलाच एक असतो.

एकच गोळी, दोन निकाल

आता गायब रकान्याकडे येतो.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांत 'व्हॉइस' नावाची मोठी चाचणी झाली. पाच हजारांहून जास्त स्त्रिया. त्यांतल्या एका गटाला प्रेपची तीच गोळी दिली होती, जिच्यापुढे कोष्टकात ९९ लिहिलेलं असतं. निकाल आला : काहीच फरक नाही. गोळी मिळालेल्या स्त्रियांना जेवढी लागण झाली, जवळपास तेवढीच खोटी गोळी मिळालेल्यांना. रक्त तपासलं तेव्हा कोडं उलगडलं. गोळीच्या गटातल्या ३० टक्क्यांहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. बायका गोळ्या घेऊन जात होत्या, पण खात नव्हत्या. पुढे त्यांच्याशी बोलल्यावर जी कारणं पुढं आली, त्यांत नवऱ्याची, जोडीदाराची, सासरच्या माणसांची भीती होती. डबी सापडली तर लोक आपल्याला एचआयव्ही आहे असंच समजणार, ही भीती होती.

आता दुसरा निकाल. कोलकात्याची दुर्बार आणि म्हैसूरची अशोदया या दोन्ही संघटना देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनीच चालवलेल्या. त्यांनी २०१६ नंतर प्रेपचे प्रकल्प राबवले. दोन्हीकडे मिळून १,३०० हून जास्त स्त्रियांनी ही गोळी घेतली. नवी एचआयव्ही लागण : एकही नाही. गोळी तीच. फरक एवढाच, की इथं गोळी देणारी बाई त्यांच्यातलीच होती. ती कुणाला 'कशाला पाहिजे' असं विचारत नव्हती. डबी सापडण्याची भीती नव्हती, कारण शेजारणीकडेही तीच डबी होती.

म्हणून म्हणतो, ९९ हा आकडा एकट्या गोळीचा नसतो. गोळी आणि ती घेणाऱ्याच्या भोवतीची माणसं, या दोघांचा मिळून तो आकडा असतो. माणसं बदलली की त्याच गोळीचा आकडा शून्यावर येतो. डॉक्सी-पेपचंही असंच झालं. केनियात तरुण स्त्रियांवर ते तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही, आणि केसांचे नमुने तपासल्यावर बहुतेक नमुन्यांत औषधाचा मागमूस नव्हता.

आता हे इस्लामपुरात आणू

माझा कॉलेजातला एक मित्र. नाव, गाव, नोकरी काहीच सांगत नाही, कारण आमच्याकडे गल्ली सांगितली तरी माणूस कळतो. त्याच्या बाबतीत कंडोम फाटला. समोरच्या व्यक्तीबद्दल त्याला फारसं माहीत नव्हतं. नेटवर वाचून त्याला ७२ तासांचं कळलं, म्हणजे माहितीची अडचण नव्हती. दुसऱ्या दिवशी तो एका खासगी दवाखान्यात गेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "लग्न झालंय का?" दुसरा : "तुझे वडील मला ओळखतात, माहितीये ना?" मित्रानं सांगितलं, "सर, अ‍ॅसिडिटी होतीये." अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन तो बाहेर पडला. रात्री मला फोन केला, "भावा, मी कायबी बोलू शकलो नाही." पुण्याला ये म्हणालो, रजा मिळेपर्यंत ७२ तास उलटले. पुढचे तीन महिने त्यानं कसे काढले ते मला ठाऊक आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आला, हे त्याचं नशीब. नशिबाला आरोग्यव्यवस्था म्हणत नाहीत.

या गोष्टीत पेप किती टक्के परिणामकारक होतं? शून्य टक्के. औषध निकामी होतं म्हणून नव्हे, दोन प्रश्नांमुळे.

कुणी म्हणेल, छोट्या गावात असंच असतं, सवय करून घ्यावी लागते. मी म्हणतो, छोट्या गावात असं असतं म्हणूनच आपली तुलना वेगळी हवी. मार्च २०२० मध्ये करोनाची मोठी साखळी इस्लामपुरात सापडली आणि पुढे बाधितांचा आकडा २६ वर गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलं : कोण, कुठल्या घरातले, कुठून आले, हे फोनवर फिरायला वेळ लागला नाही. विषाणूपेक्षा पत्ता वेगानं पसरतो. आणि तो तर खोकल्यातून पसरणारा आजार होता, त्यात चारित्र्याचा प्रश्न नव्हता. इथं तर आजाराचं मराठी नावच मुळी 'गुप्तरोग'. २०२५ मध्ये गावाचं नाव बदलून ईश्वरपूर करायचा निर्णय झाला. नाव बदलायला आपल्याला जमतं. आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायला जमत नाही.

ही गुप्तता कुणाच्या फायद्याची आहे ते हायवेला लागून असलेल्या भिंतींवर बघा. 'गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज' आणि खाली मोबाइल नंबर. शास्त्रशुद्ध औषधाला आपण जी जागा नाकारली, ती त्यांनी चुना मारून घेतली. त्यांच्याकडे जाणाऱ्यांना हसू नका. त्या भिंतीचं एक बरं असतं : ती लग्न झालंय का असं विचारत नाही.

'यानं स्वैराचार वाढेल'

या विषयावर बोललं की हा आक्षेप येतोच. तो नवा नाही. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये मेचनिकॉफ आणि रू यांनी दाखवून दिलं, की संबंधांनंतर काही तासांत पाऱ्याचं मलम लावलं तर सिफिलिस टळू शकतो. लैंगिक आजारांवरचं हे पहिलं शास्त्रीय प्रतिबंधक औषध म्हणता येईल. तेव्हाही ओरड हीच होती : भीती गेली तर पाप वाढेल. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि गुप्तरोगांबद्दल उघडपणे लिहिलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या एकात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. आरोप तोच. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी आक्षेप घेणाऱ्यांना नवं वाक्य सुचलेलं नाही.

आता पुरावा बघू. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अडीच लाखांहून जास्त मुलींच्या नोंदी तपासल्या. एचपीव्ही लस मिळालेल्यांमध्ये गर्भधारणा किंवा लैंगिक आजार वाढले का? नाही.

प्रेपच्या बाबतीत मात्र चित्र इतकं सरळ नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही देशांत, काही गटांत, प्रेप सुरू झाल्यावर कंडोमचा वापर कमी झाला आणि परमा, क्लॅमिडिया जास्त दिसले. ही खरी अडचण आहे. पण तिचं उत्तर काय? प्रेप घेणारा माणूस दर तीन महिन्यांनी तपासणीला येतो. त्याचा परमा सापडतो, बरा होतो, पुढे पसरत नाही. जो कुठेच येत नाही त्याचा सापडतही नाही. निवड सदाचारी समाज आणि स्वैराचारी समाज यांच्यात नाहीच. निवड आहे ती दवाखान्यात येणारी माणसं आणि भिंतीवरच्या नंबरला फोन करणारी माणसं यांच्यात.

आणि मला सांगा, हा नियम आपण दुसऱ्या कुठल्या औषधाला लावतो? कुत्रा चावल्यावर रेबीजची लस देताना 'त्या गल्लीतून गेलासच कशाला' असं विचारून परत पाठवतो का? साखर वाढलेल्या माणसाला 'आधी जिलेबी सोड, मग गोळी देतो' असं म्हणतो का? शिक्षा म्हणून आजार भोगायला लावणं आपण फक्त एवढ्या एका बाबतीत चालवून घेतो. तेही सगळ्यांच्या बाबतीत नाही. पोरगा असेल तर 'वय आहे' म्हणून सोडतो, पोरगी असेल तर घर डोक्यावर घेतो.

'आपल्याला परवडणार नाही'

हा दुसरा आक्षेप ऐकायला शहाणा वाटतो, म्हणून जास्त घातक आहे. लेनाकॅपाव्हिरची अमेरिकेतली किंमत माणशी वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर ठेवली गेली. एवढं ऐकून आपण विषय सोडून देतो. पुढचं ऐका. २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीनं १२० देशांसाठी सहा उत्पादकांना परवाने दिले. त्यांत भारतीय कंपन्या आहेत, आणि त्यांतली एक पुण्याची एमक्युअर. सप्टेंबर २०२५ मध्ये डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या दोन भारतीय कंपन्यांसोबतचे करार जाहीर झाले : २०२७ पासून माणशी वर्षाला ४० डॉलर. आजच्या दरानं साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. आपल्या वयाची पोरं फोनच्या कव्हरवर, इअरफोनवर आणि वर्षाच्या रिचार्जवर यापेक्षा जास्त घालवतात.

२००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं एचआयव्हीचं तीन औषधांचं मिश्रण दिवसाला एक डॉलरच्या आत द्यायची तयारी दाखवली, तेव्हा जगातला सगळा हिशेब बदलला. एचपीव्हीची पहिली भारतीय लस सर्व्हाव्हॅक पुण्याच्या सीरमनं केली. २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. म्हणजे जगाची औषधं महाराष्ट्रात होतात. पुण्यापासून पेठ नाका चार तासांवर आहे. औषध आफ्रिकेपर्यंत पोचतं आणि चार तासांच्या रस्त्यावर अडतं. त्याला अडवणारी गोष्ट पैसा नाही.

भरवसा तुटला की काय किंमत मोजावी लागते, तेही आपल्याकडेच घडलं आहे. २००९ मध्ये भारतात एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्याची केंद्रं होती. त्याच सुमारास आंध्र आणि गुजरातमध्ये चाललेल्या एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण पालकांची संमती नीट न घेता वसतिगृहातल्या मुलींना लस दिल्याचं उघड झालं, संसदीय समितीनं ताशेरे ओढले. २०१० मध्ये सगळंच थांबलं, बार्शी-पुण्याचा अभ्यासही. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांचा पाठपुरावा चालू राहिला, आणि एक डोससुद्धा जवळपास तितकंच संरक्षण देतो हे त्यातून दिसलं. आज जग एका डोसाकडे वळलं, त्यामागे त्या मुली आहेत. पण आपल्याकडे लस बरीच वर्षं रखडली. लस चांगली होती. विचारण्याची पद्धत वाईट होती.

सांगलीला हे आधीच माहीत आहे

यावर उपाय शोधायला कोलकात्याला जायची गरज नाही. इस्लामपूरपासून सांगली चाळीसेक किलोमीटर. तिथं १९९२ मध्ये 'संग्राम' ही संस्था सुरू झाली, आणि १९९६ मध्ये देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद. एड्सची साथ जोरात होती. सांगली हा राज्यातला जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तेव्हा प्रेप नव्हतं, मोफत उपचार नव्हते. हातात होता फक्त कंडोम. त्या बायकांनी तो स्वतः वाटला, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावण्याची ताकद एकमेकींना दिली, दवाखान्यात एकमेकींसोबत गेल्या. २००५ मध्ये अमेरिकेच्या मदतीसोबत 'आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत' असं लिहून देण्याची अट आली, तेव्हा संग्रामनं ती मदत नाकारली. ज्या बाईच्या हातात औषध द्यायचं तिलाच आधी वाईट ठरवून काम होत नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

सुशिक्षित पांढरपेशांना अजून ते कळायचं आहे. मी शाळेत असताना, २००७ मध्ये, महाराष्ट्रानं शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला. आमच्या वर्गानं जे शिकायचं ते मग मागच्या बाकावरच्या मोबाइलमधून शिकलं. त्या वर्गातली पोरं आज हिंजवडीत, बंगळुरात, साखर कारखान्यात, दुबईत आहेत. त्यांना कोड लिहिता येतो, ७२ तासांचं माहीत नाही. माहीत असलं तर तोंड उघडत नाही.

मग तुलना कशी करायची?

माझं कोष्टक असं असेल. एक : हे औषध कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही? दोन : ते घेताना किती वेळा दुसऱ्या माणसासमोर उभं राहावं लागतं, रोज, महिन्याला की वर्षातून दोनदा? तीन : घरात सापडलं तर काय होईल? चार : समोरच्याच्या परवानगीवर अवलंबून आहे का? पाच : मिळायचं ठिकाण किती लांब, आणि तिथला माणूस ओळखीचा आहे का?

या कोष्टकात इंजेक्शन पुढे जातं, पण टक्क्यांमुळे नव्हे : घरात डबी राहत नाही म्हणून. एकत्र कुटुंबातल्या बाईसाठी हा मोठा फरक आहे. कंडोम स्वस्ताईत जिंकतो आणि चौथ्या प्रश्नावर मार खातो. लस सगळ्यात पुढे, कारण ती लहानपणी, कुणाला काही विचारायची वेळ येण्याआधीच देऊन होते. पण इंजेक्शन आलं म्हणून सगळं सुटेल असं समजू नका. सहा महिन्यांतून एकदा का होईना, इंजेक्शनसाठी कुणाच्या तरी समोर जावं लागेल. तो माणूस कसा बघतो यावर दुसऱ्या डोसाला कुणी येईल की नाही हे ठरेल.

म्हणून मागण्या औषधांच्या आहेत तशाच माणसांच्याही आहेत. उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर पेप चोवीस तास मिळालं पाहिजे, आणि '७२ तास' हे दोन शब्द एसटी स्टँडवर लिहिलेले असले पाहिजेत, त्या शर्तिया इलाजवाल्यांच्या शेजारी. प्रेप ज्याला हवं त्याला सरकारी केंद्रात मोफत मिळालं पाहिजे. आज त्यासाठी बहुतेकांना स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये, कारखान्यांवर हिपॅटायटिस बीच्या लशीचं शिबिर रक्तदान शिबिरासारखं भरलं पाहिजे. आणि डॉक्टरांना एक विनंती : "लग्न झालंय का?" हा प्रश्न उपचार बदलत नसेल तर विचारू नका. एचआयव्हीबद्दलची गुप्तता पाळणं हा तुमचा मोठेपणा नाही. २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही तिशीच्या आत-बाहेर असाल तर आज एक गोष्ट तपासा. हिपॅटायटिस बीची लस देशभरच्या सरकारी वेळापत्रकात २०११ च्या सुमारास आली. म्हणजे आपल्यापैकी अनेकांना लहानपणी ती मिळालेलीच नाही, आणि हा विषाणू लैंगिक संबंधांतूनही पसरतो. तीन डोस, सहा महिने, फार खर्च नाही. आईला विचारा, लशीचं जुनं कार्ड शोधा, नसेल तर घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, १०९७ वर फोन करून माहिती मिळते, तो नंबर नाव विचारत नाही. आणि मेडिकलच्या काउंटरवर पुढच्या वेळी कंडोम मागताना आवाज खाली करू नका. वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला तर म्हणा, "दादा, राहू द्या, असाच द्या." मागे रांगेत उभं असलेल्या एखाद्या पोराला त्या दिवशी अ‍ॅसिडिटीची गोळी मागावी लागणार नाही.